केळुसकरांचं नेटवर्क

आमच्या वाशीच्या इमारतीत केळुसकरांकडे वाटीभर साखर मागायला गेलं, तरी आधी आपला पत्ता सांगावा लागे. अगदी समोरच्या दारातून आलेल्यालाही! 'पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे कळल्याशिवाय पाकीट पुढे सरकत नाही,' असं ते वाटी हातात धरून ऐकवत. तोवर घरचा चहा गार होई.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागात होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता आणि टेलिफोनसाठी अख्खी इमारत रांगेत होती. कारखान्यात एका वायरवर चार-पाच कॉम्प्युटर जोडले गेले आणि इकडे आमचे ग्रह फिरले. एका रविवारी केळुसकरांनी जिन्यातून वायर ओढून घरोघरी एकेक बटण आणि घंटा बसवली.

'आजपासून तुम्ही सगळे नोड, म्हणजे जाळ्यातल्या गाठी,' त्यांनी जाहीर केलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिला तसं म्हणालो.

घंटा सगळीकडे एकदम वाजे. आधी पाठवणाऱ्याच्या फ्लॅट नंबराइतके ठोके, मग घेणाऱ्याच्या. आपला नंबर नसेल तर गप्प बसायचं. असेल तर उलट एक ठोका द्यायचा, ती पोच. पोच आली नाही तर पाठवणारा पुन्हा वाजवणार. दोघांनी एकदम बटण दाबलं की टक्कर! मग दोघांनीही थांबायचं आणि थोडं मागेपुढे करून पुन्हा सुरू करायचं. या छळाला प्रोटोकॉल म्हणतात, हे ज्ञान आम्हाला फुकट मिळालं. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात की घंटा, हे बायकांना कळेनासं झालं.

केळुसकरवहिनी पूर्वी शाळेत शिकवत. अर्धांगवायूनं त्यांची वाचा आणि उजवं अंग गेलं होतं. डाव्या हाताशी बटण असे. दुपारी त्यांची घंटा झाली की माझी बायको पोच देऊन खाली जाई.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वायर काढायचा विषय निघाला. चेअरमन म्हात्रे मूळचे जवळच्याच तळवली गावचे. घंटा न घेतलेलं त्यांचं एकच घर. 'डोस्का फिरला माझा,' ते म्हणाले. सेक्रेटरींनी तोडगा काढला, 'टेन्शन नको, केळुसकर. वहिनींसाठी तुमच्याकडून वरच्यांकडे एक घंटा ठेवू. बाकी काढू.'

इतका शहाणा ठराव आमच्या सोसायटीत कधी आला नव्हता. केळुसकर उठले. आता व्याख्यान होणार म्हणून मी पाय लांब केले.

'एक नको,' ते म्हणाले. 'एकच वाजली की तुम्ही म्हणणार, आजारी बाई बोलावतेय. तिला ते सहन होत नाही. आधी उशाशी साधी घंटा ठेवली होती मी. घसा सुकला तरी हात लावायची नाही. सगळ्यांच्याच वाजायला लागल्या, तेव्हा कुठे तिनं बटण दाबलं. तेही पाण्यासाठी नाही. वरच्या वहिनींनी पोच चुकीची दिली, म्हणून! मास्तरीण ना. कितीतरी महिन्यांनी हसली त्या दिवशी.'

मी लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले.

म्हात्रे खाकरले. 'ऱ्हाऊ द्या वायर. आन् माझे घरान पन एक टाका. आमची आय दिसभर एकलीच हाय.'

मग रोज दुपारी दोन घरं एकमेकांना वाजवत बसू लागली. काय बोलत, देव जाणे. वहिनींना वाचा नव्हती आणि म्हातारीला एकही नियम मान्य नव्हता. केळुसकरांनी मात्र त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.