थोडी आणलेली गाडी

एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि त्या अस्वलाकडे गाडी होती.

हात खाली करा, मुलांनो. अस्वलाला गाडी चालवता येते का, हेच विचारणार ना? त्याच्याकडे परवाना होता. परवाना असला की येते का, हे विचारायचं नसतं. मी गोष्ट सांगायला बसलो तेव्हा मला तरी कोणी विचारलं का, की बाबा रे, तुला सांगता येते का? नाही ना? मग ऐका.

अस्वलाचं नाव त्र्यंबक. गाडी जुनी होती, पण गुणी होती. चढ लागला की जरा खोकायची, उतार लागला की गप्प बसायची. आजवर तिने कुणाला मध्येच उतरवलं नव्हतं. फक्त तिची चाकं गंजून तांबडी झाली होती. त्र्यंबकाला त्याचं काही वाटत नव्हतं. होळीपर्यंत तरी नव्हतं.

होळीला तो बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला. सासुरवाडी डोंगरापलीकडे, हिरड्याच्या रानात. तिथे त्याचा साडू विश्राम आधीच येऊन बसला होता. विश्राम म्हणजे त्र्यंबकाच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. त्याच्या गाडीची चाकं अशी चकचकत होती की दोन मैना त्यांत बघून पिसं नीट करत होत्या.

विश्राम उठला. त्र्यंबकाच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, ही चाकं अशीच मिळतात, की वेगळी मागवावी लागतात?"

सगळे हसले. त्र्यंबकही हसला. सासुरवाडीत जावयाला हसावंच लागतं. पण घरी आल्यावर त्याने गाडी अशी लावली की चाकं भिंतीकडे राहतील. दोनच चाकं भिंतीकडे राहिली. उरलेल्या दोन चाकांकडे बघून त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. तुम्हाला अजून साडू नाही, म्हणून असं म्हणता.

इकडे आणखी एक गोष्ट घडत होती. त्र्यंबकाच्या सासूबाई, म्हणजे आक्का, त्यांचं सहस्रचंद्रदर्शन चैत्रात ठरलं होतं. माणसाने ऐंशी वर्षं ओलांडली की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, आणि एक्क्याऐंशी दिव्यांनी त्याला ओवाळतात. अस्वलाची ऐंशी वर्षं म्हणजे किती, हे मला विचारू नका. आक्कांनी ऐंशी सांगितली, आणि आक्कांना उलट विचारायची छाती त्या रानात कुणाला नव्हती. डोळ्यांत मात्र मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी पाहिलेले शेवटचे काही चंद्र दुसऱ्यांनीच पाहून त्यांना सांगितले होते.

पहिलं औक्षण थोरल्या लेकीने करायचं. थोरली लेक म्हणजे त्र्यंबकाची बायको सुलोचना. दिवे मावतील एवढी मोठी परातही तिच्याकडेच होती. पितळेची, आक्कांनी लग्नात दिलेली. सुलोचनाने आईला शब्द दिला होता की सूर्य मावळायच्या आत मी परात घेऊन दारात उभी असेन. तिने कणकेचे दिवे करून वाळवले, वाती वळल्या, परात चिंच लावून घासली आणि फळीवर पालथी घातली. नवऱ्याकडून तिला एवढंच हवं होतं, की त्याने वेळेवर गाडी काढावी.

आणि नवऱ्याने चाकं काढली.

झालं काय, मोबाइलवर एक पोपट होता. हा पोपट सगळं शिकवायचा. घरटं कसं शाकारावं, चोच कशी चमकवावी, सगळं. एक दिवस त्याने गाडीची चाकं घरच्या घरी कशी रंगवावी ते शिकवलं. गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, पुसा, चंदेरी रंगाचा हात द्या, आणि हे बघा, झालं! एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारावी इतकं सोपं होतं ते.

त्र्यंबकाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग चंदेरी रंगाचा डबा आणला आणि सराव म्हणून आधी स्टेपनी रंगवली. टायरला रंग लागू नये म्हणून रिमच्या कडेने जाड कागद खोचायचा असतो. घरात जाड कागद म्हणजे समारंभाच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिका. त्याने त्याच खोचल्या. आक्कांच्या नावावर चंदेरी रंगाचे शिंतोडे उडाले, पण स्टेपनी काय देखणी झाली म्हणून सांगू! निगुतीने केलेली, वेळ देऊन वाळवलेली. त्र्यंबक तिच्यासमोर बसला आणि स्वतःला म्हणाला, त्र्यंबका, तू उगाच मधाच्या धंद्यात पडलास.

इथवर सगळं ठीक होतं. एखादं शहाणं अस्वल रोज एक चाक काढून रंगवतं, वाळलं की बसवतं, मग दुसरं काढतं. पण त्र्यंबकाला वाटलं, एक चाक चंदेरी आणि तीन तांबडी अशी गाडी कुणी पाहिली आणि विश्रामच्या कानावर गेलं तर? नकोच ते. त्याने गाडी विटांवर चढवली आणि चारही चाकं एकदम काढली. तीही समारंभाच्या आदल्या दिवशी. पोपट एका दुपारचं काम म्हणाला होता ना.

आता चैत्र म्हणजे सावरीचा कापूस उडायचे दिवस, आणि त्र्यंबकाच्या अंगणात सावरीचं झाड. त्याने चाकं झाडाखाली मांडली, रंगाचे जाड जाड हात दिले आणि तोंड धुवायला गेला. परत येऊन पाहतो तर चारही चाकांना पांढरी दाढी.

दुसऱ्या कुणाची चाकं असती तर तो पोट धरून हसला असता. त्याने दाढी खरवडली. पुन्हा रंग दिला. पुन्हा कापूस बसला. मग चाकं उचलून गोठ्यात नेली, तिथे माशा बसल्या. काही माशा उडाल्या, काही कायमच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी रंग बोटाला लागत होता.

सुलोचना दिव्यांचं गाठोडं बांधून बाहेर आली. चाकांकडे एकदा पाहिलं. तिने शांतपणे सुचवलं की ओली तर ओली, बसवा आणि निघू या. त्यावर त्र्यंबकाने तिला ओल्या रंगावर धूळ बसली तर काय होतं, यावर एक व्याख्यान दिलं. तिने निम्मं ऐकलं आणि परात आणायला आत गेली.

फळीवर परात नव्हती.

परात गोठ्यात होती. चाकांचे नट मावतील असं घरात दुसरं मोठं भांडं नव्हतं, म्हणून त्र्यंबकाने नट परातीत ओतले होते. नट तरी गंजलेले कशाला ठेवायचे, म्हणून त्यांच्यावरही रंग ओतला होता. चिंचेने घासलेलं ते पिवळंधमक पितळ आता चंदेरी चिखलात बुडालं होतं.

सुलोचनाने परात पाहिली. त्र्यंबकाला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ही आईची परात आहे हो."

मग तिने दिव्यांचं गाठोडं उचललं आणि पायीच डोंगराची वाट धरली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रंग, धूळ, साडू, सगळं त्र्यंबकाच्या डोक्यातून उतरलं. त्याने धावत जाऊन एक ओलं चाक उचललं, माशांसकट गाडीला लावलं आणि नट फिरवू लागला. नट फिरेना. दुसरा घेतला. तोही फिरेना. नटांच्या आत रंग जाऊन आटे बुजले होते.

त्याने घाईघाईने मोबाइल काढला. पोपट आटे बुजल्यावर काय करायला सांगतो ते पाहायचं होतं. पोपट त्याबद्दल काहीच सांगत नव्हता. पण तेव्हा त्र्यंबकाला पहिल्यांदाच पोपटामागचं आंब्याचं झाड दिसलं. पोपट "रंगाचा हात द्या" म्हणाला तेव्हा झाडाला मोहोर होता. "झालं" म्हणाला तेव्हा कैऱ्या लागल्या होत्या.

त्र्यंबक मटकन खाली बसला. समोर विटांवरची गाडी, बाजूला चार ओली चाकं, आणि एकटी स्टेपनी तेवढी गोठ्याच्या दाराशी चमकत होती. तो स्वतःशीच म्हणाला, वा त्र्यंबका. गाडीला पाच चाकं, आणि जे कधीच लागत नाही तेच तेवढं तयार.

मग तो उठला. रित्या हाताने सासुरवाडीला जाणं त्याच्याने होईना. परात नेण्यासारखी राहिली नव्हती. त्याने स्टेपनी उभी केली आणि ढकलत, पळवत डोंगराच्या वाटेला लागला. वाटेत ज्याने त्याने त्याला पाहिलं. एका सांबराने थांबून विचारलं की पंक्चर काढायला चाललात का. त्र्यंबक हो म्हणाला. खरं सांगण्यापेक्षा ते कमी लाजिरवाणं होतं.

हिरड्याच्या रानात तो पोहोचला तेव्हा सूर्य टेकायला आला होता. आक्का नवं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. सुलोचना नुकतीच येऊन घाम पुसत होती. मंडळी जमली होती, दिवे होते, तेल होतं, आणि दिवे ठेवायला काही नव्हतं. घरातली ताटं पाच-सात दिव्यांतच भरत होती. केळीची पानं मांडून पाहिली, तर त्यांवर दिवे कलंडत होते. आक्का अधूनमधून विचारत होत्या, सुलूने परात आणली का गं? आणि सुलोचना दर वेळी म्हणत होती, आणते आहे.

तेवढ्यात घरंगळत स्टेपनी आली आणि तिच्यामागून त्र्यंबक.

विश्राम पुढे झाला. त्याची चाकं दाराशी लखलखत उभी होतीच. त्याने त्र्यंबकाच्या मागे पाहिलं, वाटेकडे पाहिलं.

"साडूभाऊ, गाडी नाही आणली?"

"आणली की," त्र्यंबक धापा टाकत म्हणाला. "थोडी आणली."

कुणी हसायच्या आत सुलोचना उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही, चाकाकडे पाहिलं. मग ते अंगणात आडवं केलं, पदराने पुसलं आणि भराभर दिवे मांडायला लागली. थोडे रिमवर, थोडे टायरच्या कडेने. एक्क्याऐंशीच्या एक्क्याऐंशी बसले, आणि एकही कलंडला नाही.

दिवे लागले. पण औक्षण म्हणजे ओवाळायचं, आणि एवढं धूड एकट्या बाईने ओवाळायचं कसं? त्र्यंबकाने एका बाजूने हात घातला. दुसरी बाजू धरायला आसपास दांडगा असा दुसरा जावई एकच होता. शेवटी विश्रामने भरजरी बाह्या सरसावल्या. दोघा साडूंनी ते चाक उचललं, सुलोचनाने कडेला बोटं टेकली, आणि तिघांनी मिळून ते आक्कांच्या तोंडासमोरून हळूहळू गोल फिरवलं. चंदेरी रिममध्ये सगळ्या ज्योती दुप्पट दिसत होत्या.

आक्कांनी मान वर केली. डोळे बारीक केले. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "दिसला गं. केवढा चंद्र आणलाय जावईबापूंनी."

ती स्टेपनी आहे, असं कुणी म्हणालं नाही. सुलोचनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्र्यंबकाच्याही आलं, पण त्याचे हात चाकात अडकले होते, त्यामुळे त्याला ते पुसता आलं नाही. विश्रामही नाक ओढत होता. धूर फार झाला, असं तो नंतर म्हणाला.

दिवे विझले तेव्हा चाकाची दशा झाली होती. उष्णतेने रंगाला फोड आले होते, काजळी बसली होती, टायरला करपल्याचा वास येत होता. ते पूर्वी तांबडं होतं, आता काळं झालं. सुलोचना नवऱ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "परात घासून द्यायची. तुम्ही. चिंच माझ्याकडून घ्या." त्र्यंबकाने मान डोलावली. तो ती परात पावसाळ्यापर्यंत घासत होता.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. पण निघताना विश्रामने त्र्यंबकाला कोपऱ्यात घेतलं आणि इकडेतिकडे बघून विचारलं की साडूभाऊ, तो काळा-चंदेरी फोडफोडांचा रंग कुठे मिळतो? आणि चाकं विटांवर किती दिवस ठेवावी लागतात?

पुढच्या पौर्णिमेला विश्रामची गाडी विटांवर चढली. मग सांबराची चढली, मग तरसाची. हल्ली त्या जंगलात कुठल्याही कार्याला गेलात तर दारात एकही गाडी दिसत नाही. पाहुणे पायी येतात, येताना एकेक चाक ढकलत आणतात, आणि ज्याचं जास्त करपलेलं त्याला पुढे बसवतात. पोपटाने त्यावरही शिकवणी काढली आहे. त्यात मागे पिकलेले आंबे दिसतात.

तात्पर्य : मुलांनो, सासुरवाडीला जाताना अख्खी गाडी कधीही नेऊ नये. अख्ख्या गाडीत लोक फक्त खोट काढतात. थोडीशीच न्यावी, म्हणजे ओवाळतात.