सासरेबुवांचा कॉम्प्युटर उठत नाही

"अर्धा तास," जावई म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत चालू करून देतो."

हे वाक्य तो बोलला, तेव्हा बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. घरातला बल्ब गेला तरी हा इलेक्ट्रिशियनला फोन करतो, हे तिला ठाऊक होतं. पण माहेरच्या माणसांसमोर नवऱ्याचं पितळ उघडं पाडायचं नाही, एवढा संसार तिनं केलेला होता.

जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत होता हे खरं. पण तिथं तो नोकरीला येणाऱ्या मुलांच्या मुलाखती ठरवायचा. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध डाव्या हाताला चहा आणि उजव्या हाताला माउस, इतकाच. सासरी मात्र "आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत" असं इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की आता बाहेर पडायला दारच उरलं नव्हतं.

आणि आज रविवार. रविवारी संध्याकाळी परदेशातला मेहुणा आपली तान्ही लेक आजीआजोबांना मोठ्या पडद्यावर दाखवायचा. फोनवर दिसायची, पण सासरेबुवांच्या मते फोनवर नात बघणं म्हणजे कुलपाच्या भोकातून लग्न बघणं. शिवाय गेल्या रविवारी तिला पालथं पडता येत नव्हतं आणि आता येत होतं. तो पराक्रम बघायला सासूबाई आठवडाभर डोळे लावून बसल्या होत्या. नेमका आज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही.

सासरेबुवा निवृत्त भूलतज्ज्ञ. ते स्टूल ओढून बरोबर कॉम्प्युटरच्या डोक्याशी बसले, कारण उभं आयुष्य त्यांनी रुग्णाच्या डोक्याशीच बसून काढलं होतं. जावयानं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि डब्यातून बारीक आवाज आला. टूं. टूं. टूं.

"श्वास आहे," सासरेबुवा म्हणाले. "पण कण्हतोय. शुद्धीवर येत नाही. काय करणार तुम्ही?"

"उघडतो," जावई म्हणाला.

उघडला. आत इतकी धूळ होती की उशी भरता आली असती. जावयानं इथं येताना वाटेत एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यातला माणूस हसत हसत आतली मेमरीची पट्टी काढत होता, खोडरबरानं घासत होता आणि परत बसवत होता. जावयानंही काढली. पण ती काढायला एक वायर आड येत होती, म्हणून वायर काढली. वायरला जागा मिळावी म्हणून पंखा काढला. पंख्याबरोबर एक काळं चौकोनी काहीतरी आपण होऊन हातात आलं. बघता बघता सासरेबुवांचं टेबल भंगारवाल्याच्या हातगाडीसारखं दिसायला लागलं.

"हा भाग काय करतो?" सासरेबुवांनी विचारलं.

"तो... मदत करतो."

"कोणाला?"

जावयानं सगळं जमेल तसं परत बसवलं आणि बटण दाबलं. आता पंखाही फिरला नाही. कण्हणंही थांबलं.

सासरेबुवांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "मी झोपवलेला प्रत्येक माणूस उठवून घरी पाठवलाय. हा तर आपल्या आपण झोपला होता. तुम्ही त्याचा श्वासही थांबवलात."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं आतून दोन पोळ्या जास्त लाटाव्यात का, असं विचारलं. त्याचा अर्थ आता अर्ध्या तासाचं काही खरं नाही असा होता, हे त्याला कळलं.

बाहेर सासूबाई फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. सासूबाईंच्या बोलण्यात क्रियापदं भरपूर असत. कोण आणि काय, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. त्यात नात दिसणार नाही म्हणून त्या हुंदके देत बोलत होत्या.

"काय सांगू तुला," त्या म्हणत होत्या, "काल रात्रीपर्यंत सगळं चांगलं होतं गं. सकाळी बघते तर काही हालचालच नाही. ह्यांच्या खोलीत. हो. थोडी धुगधुगी होती, आता तीही गेली... जावई आलेत ना, तेच बघतायत. टेबलावर आडवं करून ठेवलंय... नाही नाही, कुठे न्यायचं नाही म्हणतात. घरच्या घरीच उरकू... मुलाला अजून कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवू? तो बिचारा संध्याकाळची वाट बघत असेल."

जावयानं हे सगळं ऐकलं, आणि त्याला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. त्याच्या दृष्टीनं प्रत्येक शब्द खरा होता.

तेवढ्यात सासरेबुवा टॉर्च लावायला सासूबाईंचा फोनच मागून घेऊन आले. एक स्क्रू डब्यात पडून हरवला होता. तो शोधता शोधता फोनची बॅटरी संपली आणि फोन बंद पडला. जेवणं झाली, दुपार टळली, तरी स्क्रू काही मिळाला नाही. सासरेबुवांनी धूळ जाऊ नये म्हणून कपाटातली पांढरी चादर काढली, टेबलावरच्या पसाऱ्यावर नीट अंथरली आणि ते हात धुवायला गेले. हात धुणं हे त्यांचं कोपरापर्यंत चालायचं. जावई डोकं धरून खुर्चीत बसला. संध्याकाळी सासूबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं तो मनात जुळवत होता.

दाराची बेल वाजली नाही, दारच उघडलं. आत आले ते थोरले. सासरेबुवांचे मोठे भाऊ, दातांचे डॉक्टर. जावयानं त्यांना लग्नात पाहिलं होतं तेवढंच. कारण त्याच लग्नाच्या पंगतीत थोरले म्हणाले होते, "भूल देणारा म्हणजे अर्धा डॉक्टर," आणि सासरेबुवा म्हणाले होते, "दात सोडून बाकीचा माणूस ज्यानं कधी पाहिला नाही, त्यानं बोलू नये." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

थोरल्यांना धाप लागली होती आणि शर्टाचं एक बटण भलत्याच काजात होतं. ते थेट खोलीत आले. त्यांनी पांढरी चादर पाहिली, डोकं धरून बसलेला जावई पाहिला, आणि भिंतीला हात टेकला.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्रास झाला का फार?"

"थोडं कण्हणं होतं," जावई खिन्नपणे म्हणाला. "मग मी उघडल्यावर थांबलंच."

थोरल्यांनी डोळे मिटले. मग ते टेबलाशी गेले आणि चादरीवर हलकेच हात ठेवला. चादरीखालचे कोपरे माणसाच्या मानानं जरा जास्तच चौकोनी होते, पण दुःखात कोण कोपरे बघतो.

"चूक माझीच होती रे," ते चादरीला म्हणाले. "तू अर्धा नव्हतास. माझं आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल द्यायला तूच हवास असं मनात होतं. पण मागायला जीभ रेटली नाही. तुझ्यासारखा डॉक्टर आपल्या घरात दुसरा झाला नाही."

जावयाचा आ वासलेला तसाच राहिला. गैरसमज कुठं झालाय हे त्याला एका क्षणात कळलं, आणि तो सांगायचा कसा हे अजिबात कळेना. त्याची गरजच पडली नाही. दारात सासरेबुवा उभे होते, ओले हात कोपरापासून वर धरून.

"काय म्हणालास?" ते म्हणाले. "शेवटचं वाक्य परत म्हण."

थोरल्यांनी वळून पाहिलं. जावयानं मागून खुर्ची सरकवली म्हणून ते जमिनीवर न बसता खुर्चीत बसले. सासूबाई आणि बायको धावत आल्या आणि त्याही दारात थिजल्या.

"तुझ्या धाकट्या मेहुणीचा फोन आला, तसा मिळेल ती गाडी धरून आलो," थोरले अखेर पुटपुटले. "म्हणाली, तू गेलास."

"मी हात धुवायला गेलो होतो."

थोरल्यांनी घाम पुसला. चेहऱ्यावर रंग आला तसा आवाजही आला. "हे बघ. मी ते तुला मेलेला समजून बोललो. मेलेल्याबद्दल माणूस चांगलंच बोलतो. ते जिवंतपणी धरायचं नाही."

"मी धरलंय," सासरेबुवा म्हणाले. "इतकी माणसं साक्षीला आहेत."

मग ते भावाशेजारी बसले, आणि ओला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. थोरल्यांनी तो झटकला नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बहीण नेमकं काय समजली, हे त्यांच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं.

"मग ह्याच्याखाली कोण आहे?" थोरल्यांनी चादर वर केली आणि बराच वेळ बघत राहिले. "हे कोणी केलं?"

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं.

"एक वायर लोंबतेय," थोरले म्हणाले. "आणि ही पट्टी एका बाजूनं वर राहिलीय. दाढ अशी बसवली असती तर पेशंटनं मला चावलं असतं. तू डबा धर."

सासरेबुवांनी डबा धरला. थोरल्यांनी वायर खोचली, दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले आणि दाबले. कट् असा आवाज आला. सासरेबुवांनी बटण दाबलं. पंखा फिरला, आणि पडद्यावर उजेड आला. जावयाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

पडदा नीट उजळतो न उजळतो तोच व्हिडिओ कॉल आला. समोर मेहुणा होता. डोळे सुजलेले, कडेवर लेक, आणि मागे बॅगा ओढत जाणारी माणसं. तो विमानतळावर होता.

"आई, तुझा फोन का लागत नाही? मावशीनं सांगितलं..." एवढं बोलून तो थांबला. पडद्याच्या मधोमध त्याचे वडील बसले होते. शेजारी त्यांच्याशी कधीच न बोलणारे काका होते.

"बाबा?" तो म्हणाला.

"वर उचल तिला," सासरेबुवा म्हणाले. "चेहरा दिसत नाही."

सगळं समजावून सांगायला बराच वेळ लागला, कारण सांगायला सासूबाईंनी सुरुवात केली होती. शेवटी बायकोनं पुढे होऊन दोन वाक्यांत सांगितलं. मेहुणा आधी रडला, मग हसला आणि मग घाबरला.

"पण बाबा, आता काय करू? लग्नाला नाही, आजारपणाला नाही, कशाला म्हणून साहेब रजा देत नव्हते. आज वडील गेले म्हटल्यावर एका शब्दात दिली. आता त्यांना काय सांगू?"

सासरेबुवांनी नातीकडे पाहिलं. ती वडिलांच्या शर्टाची कॉलर चघळत होती.

"विमान किती वाजता आहे?"

"आता बसायला बोलावतायत."

"मग बस. मी गेलोय. तू रजा संपवून परत निघालास की उठेन. माझा तो धंदाच होता."

सासूबाईंना तोवर पोळ्या, पाहुणे, अंथरुणं सगळं एकदम आठवलं होतं. त्या जाता जाता म्हणाल्या, "जावईबापू, आता तेवढा कॉम्प्युटर बंद करा."

एवढं तरी आपल्याला जमेल, असं वाटून जावयानं हात पुढे केला.

"राहू द्या," दोघे डॉक्टर एकदम म्हणाले.