उत्तररंग फायनल

"साईनाथ, अरे वाढदिवसाचा बोर्ड दाखव म्हटलं, तर हा कोण बुवा गायला लागला रं?"

कर्जतच्या बाजारातल्या फ्लेक्सच्या दुकानात मालक तौकीरभाई रोज हेच विचारायचे. साईनाथच्या संगणकावर गिऱ्हाइकांच्या बोर्डांच्या आणि कीर्तनाच्या व्हिडिओंच्या एकावर एक इतक्या खिडक्या उघड्या असायच्या, की हवी ती सोडून भलतीच वर यायची. अखेर तौकीरभाईंच्या लेकीनं, उमैमानं, तोडगा काढला. "काका, दोन डेस्कटॉप करा. एकात दुकानाचं, एकात तुमचं. कंट्रोल, विंडोज आणि बाण दाबला की इकडचं तिकडं. दोघांना नावंपण देता येतात."

नावं द्यायची म्हटल्यावर साईनाथला विचार करावाच लागला नाही. कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण. मग बुवांना हार, बुक्का. आणि मग उत्तररंग, म्हणजे कथा. दुकानाचं काम ते पूर्वरंग, आणि आपल्या जीवाचं ते उत्तररंग. कोंडाणे गावाच्या देवळातल्या कीर्तनात दर वर्षी असंच व्हायचं. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडला, की साईनाथचा फोन वाजायचा. तौकीरभाईंचं काहीतरी तातडीचं निघायचं. पुढची कथा त्यानं कधी ऐकलीच नव्हती.

यंदा मात्र त्यानं शब्द घेतला होता. "आज दशरथचा बोर्ड दिला की मी सुटलो. फोन करायचा नाही, शेठ."

"नाय करत, बाबा."

दशरथनं पळसदरीला धरणाजवळ छोटं फार्महाऊस काढलं होतं. आज उद्घाटन, मुंबईचे पाहुणे, कोंबडीचा बेत. त्याचा बोर्ड पूर्वरंगात तयार होता. धरणाचा फोटो इतका झकास, की साईनाथनं तो अख्खा बोर्डच उत्तररंगात उतरवून वर कोंडाण्याच्या कीर्तनाची पाटी बेतली होती: बुवांचं नाव, 'आज सायंकाळी सुश्राव्य कीर्तन', 'महाप्रसाद'. खालचा फार्महाऊसचा नकाशा आणि बाण तेवढा पुसायचा राहिला होता. रात्ररात्र जागून डोळे चुरचुरत होते. म्हटलं, आधी बुवांचा हार आणू, मग पुसू.

हारवाल्याकडे उभा असतानाच फोन आला. "दशरथ आलाय. कुठलं छापू?"

"पूर्वरंगातलं, शेठ. तयार आहे."

तौकीरभाईंनी बाण दाबून दोन्ही पाहिलं. तेच धरण, तोच नकाशा. चष्मा घरी राहिलेला, वरची अक्षरं दिसेनात.

"पूर्व म्हंजे आधीचा ना?" फोनवरचं ऐकून काउंटरपलीकडून दशरथनं शंका काढली. "आधीचा कच्चा रंग कशाला, भाई? बोर्ड पावसापान्यात ऱ्हानार. नंतरचा द्या."

तौकीरभाईंचं अर्धं आयुष्य शाईत गेलेलं, त्यांनाही पटलं. "गडबडीत साईनाथ उलटं बोलला असंल. उत्तररंग फायनल!"

बोर्ड छापून, गुंडाळून लडकूच्या टेंपोत चढला. दशरथ कोंबड्या आणायला गेला आणि लडकूनं बोर्ड खोपोली रस्त्याला, पळसदरीच्या वळणावर बांधून टाकला.

संध्याकाळी साईनाथ हार घेऊन निघणार, तोच दुकानाचा फोन वाजला. पलीकडून दशरथ ओरडत होता.

"साईनाथ, काय केलंस रं हे! टाळ घेऊन मानसं आल्यात माझ्याकडं! बुवापन आलं. खालापुराहून कोंडाण्याला चालले व्हते, बोर्डावर आपलंच नाव न् बाण बघून गाडी वळवली. माझ्या बायकोनं, जनानं, कोंबड्या टोपलीखाली झाकल्यात, पन त्या वरडायच्या थांबत नाय!"

साईनाथ हार घेऊन तसाच बाहेर धावला. तौकीरभाईंनी गाडीची चावी उचलली.

फार्महाऊसवर कोंडाणेकर 'आमचे बुवा पळवले' म्हणत टेंपो भरून भांडायलाच आले होते. साईनाथनं प्रत्येकासमोर हात जोडले. पेटी उतरवली, सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या हलवल्या. जनानं कोंबडीचा बेत मोडून भाताचं मोठं पातेलं चढवलं. मुंबईचे पाहुणे मांडी घालून बसले. बुवा हसून म्हणाले, "देवाला पत्ता सापडला, म्हणजे झालं." आणि पूर्वरंग सुरू झाला.

साईनाथ खांबाला टेकला. बुवांच्या गळ्यात हार पडला. सवयीनं त्याचा हात खिशाकडे गेला, पण फोन वाजला नाही. त्या समाधानातच त्याचे डोळे मिटले.

"ऊठ रं, भात जेवायला चल," तौकीरभाई हलवत होते.

"उत्तररंग?"

"झाला की."

परतताना साईनाथ गाडीत तौकीरभाईंच्या शेजारी बसला. एरवी नेरळच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर आवाज चढवून बोलणारे तौकीरभाई आज फार हळू बोलले. "बघ, बुवांची कथा अशी. तो सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवतो. लाज वाटते रं त्याला. दोस्त राजा झालाय ना! आणि तो देव..."

साईनाथ सरसावून बसला.

तेवढ्यात तौकीरभाईंचा फोन वाजला. नेरळचंच गिऱ्हाईक. त्यांनी फोन कानाला लावला.

"उद्या बोला, शेठ," ते म्हणाले. "आता कीर्तन चालू हाय."