दोन्हीकडच्या गोलांचे उस्मानमियां

उस्मानमियां फुटबॉलच्या मॅचमध्ये दोन्ही टीमच्या गोलांना सारखेच नाचायचे. आमच्या कॉलेजच्या पोरांनी गोल मारला की दोन्ही हात पसरून शेजारच्याला कवटाळायचे, आणि समोरच्यांनी आमच्यावर गोल चढवला तरी तेवढ्याच उमाळ्याने कवटाळायचे. पहिल्या वेळी माणसं खुशीत मिठी मारत. दुसऱ्या वेळी त्यांचे हात झिडकारायला बघत, पण ते जमत नसे. उस्मानमियांचा जन्म बंदरावर पोती उचलण्यात गेला होता.

ही गोष्ट शारजातली, एकोणीसशे साठनंतरची. रस्ते बहुतेक वाळूचेच होते आणि दुपारी वीज असली तर पंखा फिरायचा. मी एका तंत्रविद्यालयात ड्रॉइंग शिकवायला साताऱ्याहून आलो होतो. चार शेड, एक नळ आणि एक घंटा एवढाच त्याचा पसारा, पण बंदरापासून बाजारापर्यंत सगळे त्याला कॉलेज म्हणत. आम्हीही कोणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. मला रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडाच्या झाडामागे एक खोली मिळाली आणि शेजारच्या खोलीत उस्मानमियां निघाले. मूळ गाव बाणकोट. बंदरावर हमालांचे मुकादम. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, आणि आवाज असा की त्यांनी खोलीत दिलेली शिंक समोरच्या हॉटेलात ऐकू जावी.

आमची पहिली भेट मॅचलाच झाली. मी नवा, गळ्यात टाय, हातात छत्री. दोरीच्या कडेने माणसं उभी होती, त्यात मीही जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात गोल झाला आणि काय होतंय हे कळायच्या आत माझे पाय जमिनीपासून सुटले. खाली उतरवल्यावर त्यांनी विचारलं, "कुठचे तुमी?"

"साताऱ्याचा."

"मग आपलेच की!" असं म्हणून त्यांनी पुन्हा उचललं. आमच्या घरात मोठ्यांच्या पाया पडतात, फार तर पाठीवर थाप मारतात. वडिलांनी मला मिठी मारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पुढच्या मॅचपासून मी त्यांच्यापासून चार माणसं सोडून उभा राहू लागलो.

फुटबॉल त्यांना किती कळायचा, हा प्रश्नच होता. एकदा आमच्या पोरांचा गोल रेफरीने ऑफसाइड म्हणून नाकारला. सगळीकडे शिव्यांचा पाऊस. संध्याकाळी मी काड्यापेटीतल्या काड्या मांडून उस्मानमियांना ऑफसाइड समजावून सांगत बसलो. ही काडी बॅक, ही काडी फॉरवर्ड, ही पेटी म्हणजे गोल. त्यांनी फार मन लावून ऐकलं.

"म्हंजे तो गोल धरला नाय?"

"नाही धरला."

"पन मास्तर, आमच्या मिठ्या मारून झाल्या त्याचं काय? त्या आता परत कश्या घ्यायच्या?"

मी काड्या पेटीत भरल्या. समोरच्यांच्या गोलाला का नाचता, असंही मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "गोल तो गोल. कोनी मारला याची चौकशी करायला मी काय पोलीस हाय?" बाजारात काहीजण त्यांना वेडसर समजत. काहीजण म्हणत की हा माणूस आतून इंग्रजांच्या लष्करी तळावरच्या गोऱ्यांना सामील आहे. उस्मानमियां दोघांनाही पुढच्या गोलाला मिठी मारत.

कॉलेजच्या आवारातच स्टेडियम व्हावं, हे खूळ मूळ त्यांचंच. तोवर आमच्या मॅच खाडीजवळच्या उघड्या वाळूत होत. वारा सुटला की चेंडू दिसेनासा व्हायचा आणि मध्येच कुणाच्या तरी शेळ्या ग्राउंड ओलांडून जायच्या. उस्मानमियां दर शुक्रवारी नमाज आटपून प्रिन्सिपॉलसाहेबांच्या दारात उभे राहायचे. साहेब हैदराबादचे, अदबीचे. ते दर वेळी पान लावत आणि उस्मानमियांना एक देत. पान संपलं की उस्मानमियां म्हणत, "मग साब, स्टेडियम?" साहेब म्हणत, "इन्शाल्ला." असं दोन वर्षं चाललं. शेवटी साहेबांनी व्यापाऱ्यांची कमिटी नेमली. माझ्या मते, पान वाचवण्यासाठी.

मग मात्र सगळ्या गावाला चेव चढला. स्टेडियम म्हणजे एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यांच्यापुढे पाहुण्यांसाठी पत्र्याचं छप्पर आणि भोवती भिंत. पण न्हावी गिऱ्हाईकाच्या गळ्याला वस्तरा लावून पायऱ्यांची उंची सांगायचा, आणि शिंपी कॉलेजच्या रंगाची निशाणं शिवून दुकानाबाहेर वाळत घातल्यासारखी टांगायचा. संध्याकाळी माणसं घोळक्याने भिंत बघायला यायची. भिंतीत बघण्यासारखं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही, पण मीही जायचो. माझे विद्यार्थी वर्गात स्क्रूचं चित्र काढता काढता कडेला गोलपोस्ट काढत.

वाळू उडू नये म्हणून ग्राउंडवर जळकं ऑइल शिंपडून ती दाबतात. ते ऑइल उस्मानमियांनी जमवलं. खाडीत कुठलीही लाँच लागली की हे डबा घेऊन हजर. "यल्ला हबीबी, तुझा इंजिन ऑइल बदलला का? जुना फेकू नको, माझ्या पोरांना दे." त्या महिन्यांत त्यांच्या अंगाला ऑइलचा असा वास यायचा की मी मधल्या भिंतीतली खिडकी बंद ठेवत असे.

पायऱ्यांचा नकाशा माझ्याकडे होता. मी हिशेबाने माणशी दोन फूट जागा धरली होती. उस्मानमियांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"दोन फूट कशाला मास्तर? दीड करा."

"दीड फुटात माणूस बसतो, पण खेटून बसतो."

"हां, खेटूनच बसला पायजे."

मला वाटलं, जास्त माणसं मावावीत म्हणून म्हणताहेत. मुद्दा चुकीचा नव्हता. मी दीड फूट केलं.

पहिल्या मॅचच्या आदल्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. उस्मानमियांचं काहीतरी करायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एका व्यापाऱ्याने हार सुचवला, दुसऱ्याने घड्याळ. शेवटी ठरलं की त्यांना पत्र्याखाली पहिल्या रांगेत कायमची मानाची खुर्ची द्यायची. लाल रेक्झिनची, हातांची, पाठीवर त्यांचं नाव रंगवलेली. अक्षरं मी काढली, आणि चांगली आली होती.

मॅचच्या दिवशी उस्मानमियां नवा सदरा घालून, अत्तर लावून आले आणि थेट पायऱ्यांकडे निघाले. आम्ही चौघांनी त्यांना धरून खुर्चीपाशी आणलं. "हितं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मान आहे तुमचा." मानाच्या जागेवरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारण्यासारखं, हे बाणकोटच्या माणसाला काय सांगायला हवं? ते बसले. एका बाजूला प्रिन्सिपॉलसाहेब, दुसऱ्या बाजूला सोनेरी काठाचा बिश्त, म्हणजे अरबी झगा, पांघरलेले बडे व्यापारी. खुर्च्यांमध्ये सरबताची छोटी टेबलं मांडली होती. पाहुण्यांकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी रांगेच्या टोकाला उभा होतो.

मॅच तळावरच्या गोऱ्यांशी होती. बराच वेळ गोल झाला नाही. मागे पायऱ्यांवर माणसं नुसती उकळत होती. शेवटी शेवटी आमच्या एका बलोची पोराने लांबून चेंडू हाणला आणि तो जाळ्यात गेला. नव्या स्टेडियमचा पहिला गोल! पायऱ्यांवर जो कल्लोळ झाला तो खाडीपलीकडे गेला असेल. कोण कुणाच्या गळ्यात पडलं होतं ते ओळखू येत नव्हतं.

पत्र्याखाली टाळ्या वाजल्या. उस्मानमियां उठून उभे राहिले होते आणि त्यांचे दोन्ही हात पसरलेले होते. डावीकडे प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यातल्या एका हातात हात देऊन शेकहँड केला. उजवीकडे बड्या व्यापाऱ्यांनी बसल्या बसल्या मान हलवली. मध्ये टेबलं होती. उस्मानमियांनी हात तसेच थोडा वेळ ठेवले, एकदा मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं, मग हात जवळ आणून दोन टाळ्या वाजवल्या आणि ते खाली बसले. मला ते बघवेना. मी उगाचच सरबताचे ग्लास मोजू लागलो.

मॅच संपल्यावर घरी आम्ही बरोबरच निघालो. मी म्हटलं, "काय उस्मानमियां, झालं ना मनासारखं?"

"मास्तर, एक काम करा. ती खुर्ची दुसऱ्या कोनाला द्या."

"का? कोणी काही बोललं?"

"कोन बोलतंय? सगळे लई इज्जत देतात." थोडं चालल्यावर ते थांबले. "आपल्या मुलखात मानूस मानसाला कधी पन हात लावतो. हितं वर्षातून दोन ईद, नाय तर मग गोल. बाकी टायमाला कोन कोनाच्या गळ्यात पडतो, सांगा. माझी बायको लवकर गेली, पोर नाय. मागच्या साली गावच्या लाँचचा तांडेल येऊन सांगून गेला, आई गेली म्हनून. चाळीस दिवस होऊन गेलेले. शुक्कर होता. मी मॅचला आलो."

"आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगून काय? सबर करा बोलतात, हात धरतात, आनि कामाला जातात. गावात असतो तर सगळी बिरादरी येऊन एकेकानं छातीला लावला असता. त्या दिवशी गोऱ्यांनी आपल्यावर पाच गोल चढवले. पाच! लोक मला शिव्या देत होते, पन मी कोनाला सोडला नाय." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "अल्लाची मेहेरबानी, मास्तर. झिरो-झिरो झाली असती तर मी काय करनार होतो?"

खरं तर त्याच वेळी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. रस्त्यात माणसं होती, आणि माझे हात काही उचलले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. खुर्ची काढा म्हटलं तर कारण द्यायला हवं, आणि खरं कारण सांगणं म्हणजे त्या माणसाला बाजारात उघडं करणं. मी म्हणालो, "सर, तो माणूस समोरच्यांच्या गोलालाही नाचतो. उद्या बड्या पाहुण्यांच्या अंगावर पडला तर कॉलेजची शोभा होईल." साहेबांनी पान चावत विचार केला. खुर्ची गेली. कमिटीने फार वाईट वाटून घेतलं. कुठेही बसवला तरी मुकादम तो मुकादमच, असं एकजण म्हणाला आणि मी मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी उस्मानमियां पायऱ्यांवर, अगदी मधोमध, दोन मलबारी आणि एका बलोची माणसाच्या मध्ये दीड फुटात बसलेले मला दिसले. मॅच पुन्हा गोऱ्यांशीच होती, आणि ती सुरू झाली न झाली तोच आमच्यावर गोल झाला. पायऱ्यांवर सगळे हळहळले, आणि तेवढ्यात मधोमध गलका उठला. शिव्या ऐकू आल्या, हसण्याचा आवाज आला, आणि जाळीची टोपी कुणाच्या तरी खांद्याआड गेली. त्यांना दूर ढकलायला निघालेला बलोचीच शेवटी त्यांच्या पाठीवर जोरजोरात थापा मारत होता.

प्रिन्सिपॉलसाहेब वळून ते पाहत होते. ते मला म्हणाले, "मास्टरसाहब, आप ठीक कहते थे. ये आदमी बिठाने के क़ाबिल नहीं है."

"हो सर," मी म्हणालो, आणि टाळ्या वाजवत राहिलो. पहिल्या रांगेतले सगळे पाहुणे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, गोल गोऱ्यांचा होता.