न चाखलेले मोदक

बाळांनो, तुमच्या घरचा स्वयंपाकाचा ओटा जरा डोळ्यांसमोर आणा. आणलात? आता तो अलगद उचला आणि पार आयर्लंडात नेऊन ठेवा. ओट्यावर तांदळाची पिठी, गूळखोबऱ्याचं सारण आणि डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. मोबाइलमध्ये महाडजवळच्या नाते गावची चंद्रभागाआजी, आणि तिच्यासमोर कमरेला टॉवेल गुंडाळलेला तिचा मुलगा सुनील.

सुनील औषधांच्या कारखान्यात तपासनीस होता. आधी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, आता इथे. नमुना तपासल्याशिवाय त्याच्या हातून साधी गोळी पुढे सरकत नसे. त्याच तोऱ्यात त्याने जाहीर केलं होतं, "यंदा गणपतीचे मोदक मी एकटा करणार. कुणी ओट्याला हात लावायचा नाही." एवढ्यावर न थांबता त्याने शेजारच्या ब्रिजिटबाईंनाही बोलावलं होतं. शाळा सुटल्यावर त्याच्या मुलीला, सलोनीला, त्याच सांभाळत. त्यांच्यापुढे आपली शोभा होऊ नये, एवढीच त्याला काळजी होती.

"आता पाणी ठेव," आजी म्हणाली. "त्यात तूप नि चिमूटभर मीठ."

सुनीलने मीठ घातलं खरं, पण त्याच वेळी कोपर लागून मोबाइल आडवा झाला. आजीला नुसतं छत दिसलं आणि मग फोनच कटला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. सुनील ब्रिजिटबाईंना घ्यायला गेला.

इकडे त्याची बायको सोनाली हळूच आत डोकावली. चहात साखर घालायला विसरणारा नवरा तिला चांगला ठाऊक होता. मीठ नक्की विसरला असणार. तिने चिमूटभर टाकलं आणि त्याचा मान राहावा म्हणून गुपचूप निघून गेली.

मोबाइल पुन्हा वाजला. आठ वर्षांच्या सलोनीने उचलला.

"सले, तुज्या बापानं मीठ घातलेलं मी काय बघितलं नाय. तू घाल गो चिमूटभर. पण त्याला सांगू नको, फुगून बसंल."

चिमूट किती बोटांची असते हे सलोनीला ठाऊक नव्हतं. तिने पाचही वापरली.

उकड झाली. ती मळता मळता सुनीलने सवयीने एक गोळी तोंडाकडे नेली.

"ए सुन्या, हात खाली घे. देवाआधी चाखतोस?"

"आये, नमुना बघायला नको?"

"तुजा नमुना कारखान्यात. नैवेद्य कोण चाखतं रे?"

सुनीलने मुकाट्याने मोदक वळले.

"ह्ये मोदक हायत का बटाटं?" आजीने विचारलं.

"आये, वाफेवर आकार येतो."

आकार आला नाही. तरी आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला आणि पहिला मोदक ब्रिजिटबाईंना मिळाला. त्या बराच वेळ चावत राहिल्या.

"छान आहे," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. "लहानपणी समुद्रात पडले होते, त्याची आठवण झाली."

सुनीलने घाईघाईने एक घास घेतला आणि तसाच थांबला.

"मी तर चिमूटभरच घातलं होतं," तो पुटपुटला.

"अहो, तुम्ही घातलं होतं?" सोनाली म्हणाली. "मग मी कशाला घातलं?"

मोबाइलमधून आवाज आला, "मंग मी सलीला घालाय लावलं, त्याचं काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करत आलेला तपासनीस हातातल्या अर्ध्या मोदकाकडे बघत राहिला. हा माल परत मागवायचीही सोय नव्हती.

"आपलं जाऊ दे रे," आजी हळू आवाजात म्हणाली. "पर देवालाबी त्योच दिलास ना?"

सगळ्यांनी गणपतीकडे पाहिलं.

सलोनी मात्र उठून आत गेली. घरातला सगळ्यात मोठा तांब्या दोन्ही हातांनी धरून, पाणी न सांडता, तिने तो गणपतीपुढे आणून ठेवला. मग थोडा विचार केला, पुन्हा आत गेली आणि बाटलीच्या बुचात पाणी घेऊन आली. ते तिने उंदरापुढे ठेवलं.