पुंडलीककाकांचं दुसरं वय

पुंडलीककाकांना कुणी आपलं वय सांगितलं की ते मान हलवायचे. "हें कॅलेंडराचं. रगताचं किती?" सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर, सिलिंडर आणणारा, माझ्या मुलीला बघायला आलेले पाहुणे, कुणीच सुटलं नाही. पाहुण्यांतल्या मुलाच्या आई तर चहा अर्धा टाकून उठल्या.

काका आमचे डिचोलीतले शेजारी. खाणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर खनिज तपासलं. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. मग म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतली मेघना नावाची मुलगी आमच्या वाड्यावर आली. साठीपुढच्या माणसांचं रक्त दर वर्षी घ्यायचं, त्यातली जनुकं, प्रथिनं, साखर-चरबी सगळं वेगवेगळं मोजायचं, मग एकत्र मांडून बघायचं, कोण लवकर म्हातारं होतं, कुणाला विसरण्याचा आजार जडतो. लोक मागे सरले. काका मात्र खूश.

"बरोबर करता, बाय. एकाच खड्ड्यातली माती बघून खाण कळना."

त्यांनी सुमनकाकींचंही नाव देऊन टाकलं. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी ते शेजाऱ्यांना भांडू देत नसत. म्हणे, आमच्या काळजाला त्रास झाला तर हिशेब चुकेल त्या पोरीचा.

तिसऱ्या वर्षी काकी माशांच्या हुमणात दोनदा मीठ घालू लागल्या. मग बाजारातून येताना घर चुकल्या. पुढे एक दिवस माझ्यादेखत त्यांनी काकांनाच विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

"पुंडलीकाकडे," काका म्हणाले. "येईल ना तो इतक्यात? बसतो मी."

आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. काकींनी त्यांना पाणी आणून दिलं.

त्याच सुमारास मेघनानं सांगितलं की काकांचं शरीर वयाच्या मानानं बरंच तरुण दिसतंय. मी म्हटलं, "काका, पेढे काढा."

ते हसले नाहीत. "हिला यातलं काही देता येईल?"

"नाही, काका," मेघना म्हणाली. "आत्ता नुसतं कळतंय. उपयोग झाला तर पुढच्यांना होईल."

त्यानंतर त्यांनी कुणाला वय विचारलं नाही.

गेल्या चवथीनंतर काकी गेल्या. महिन्याभरानं मेघना एक कागद घेऊन आली. काकींच्या रक्ताचे नमुने अभ्यासासाठी ठेवायचे की नष्ट करायचे, ते घरच्यांनी सही करून कळवायचं होतं. काकांनी मला हाक मारली, पण कागद स्वतःच वाचला, दोनदा.

"सगळ्या वर्षांचं आहे?"

"हो, काका. गोठवून ठेवलंय."

"पहिल्या वर्षीचं चांगलं आहे मगे?"

"चांगलं आहे. का?"

काका पेनाचं टोपण काढत होते. "तेव्हा ती मला ओळखायची."

त्यांनी 'ठेवावे' या शब्दापुढे खूण केली, सावकाश सही केली आणि शर्टाची बाही वर सरकवली. त्यांचं रक्त द्यायची वेळ झाली होती. मेघनानं सुई काढली, तेव्हा ते म्हणाले, "माझं तिच्या शेजारी ठेवशील?"

"बाटल्यांवर नावं नसतात, काका. नुसते आकडे असतात."

"असूं दे," काका म्हणाले. "त्याच खणात ठेव."