बर्फावरची जोडी आणि सुकलालनाना

सुकलालनाना शहाद्याच्या तंबूत तिकीट काढून सिनेमाला जात आणि सिनेमा सुरू झाला की उठून घरी येत. आधी बातम्यांचं रीळ दाखवतात, तेवढंच बघायचं. नायिका पडद्यावर यायच्या आत नाना धोतर झटकून बाहेर! तंबूवाल्याला शंका यायची, म्हातारा वेडा असावा. आम्हा कळसाडीकरांना शंका उरली नव्हती.

त्याचं असं झालं, की एकदा त्या रिळात विलायतेतली एक जोडी बर्फावर नाचताना नानांनी पाहिली. मिनिटभरच. पायांत पात्यांचे बूट, पावलं उचलायची नाहीत, दोघांनी नुसतं वाहत जायचं. "कापूस उडस ना वारावर, तसं," नाना सांगत आणि बोलता बोलता हरवत.

मी गावच्या शाळेत मास्तर. शाळेत इंग्रजी पेपर यायचा, तोही शिळा. खेळांच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, कधीतरी त्या जोडीची खबर असे. ती मी वाचून सांगायची. पहिल्या वर्षी ती जगात तिसरी आली. नाना आठवडाभर धड जेवले नाहीत. मग दुसरी. मग लागोपाठ तीन वर्षं जगज्जेती! तिसऱ्या विजयाला त्यांनी गावभर केळी वाटली. कुणी विचारलं, "नातू झाया का?"

"त्यानापेक्षा मोठं शे!"

तिथले परीक्षक सहापैकी गुण देतात, हे सांगायची चूक माझीच. नाना बैलजोड्यांना गुण देऊ लागले, मग नवरानवरींना. पाटलांच्या लेकीजावयाला भर मांडवात सव्वातीन दिले, तेव्हा त्यांना पंगतीतून उठवलं. "एकमेकनाकडे दखतसबी नईत, मी काय करू?" एवढंच त्यांचं म्हणणं.

या नाचात जोडीला एकमेकांपासून लांब जाता येत नाही, हा नियम मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत. डोळे मिटून ऐकत. केळीच्या बागेत पाणी सरीसरीने सरकत असायचं आणि नाना दूर कुठल्यातरी पांढऱ्या मुलखात असायचे.

त्याच्या पुढच्या वर्षी पेपर उघडला आणि माझं तोंडच उतरलं. नाना बांधावर वाट बघत होते.

"जिकनात ना?"

"नाही नाना. नाचताना जोडीतली बाई पडली. चौथा नंबर आला."

नाना म्हणाले, "ती पडनी तवय त्यानी काय करं?"

मी पुन्हा वाचलं. वाद्यं चालूच होती, पण तो एकटा पुढे गेला नव्हता. थांबला, हात देऊन तिला उठवलं, मग दोघं पुढचं नाचले.

"थांबना ना तो?"

"थांबला."

नाना बांधावर बसले. बायको जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तिचं नाव ते कधी काढत नसत. त्या दिवशी काढलं.

"पारू अन् मी बजारथून येवी ऱ्हायंतूत. मी पुढे, ती मांगे. आपली रीतच ती. तिना अंगमा ताप व्हता. घर उनू तवय मी मांगे दखं. मांगे गऊ ते वाटमाच बसेल व्हती. तिनी हाक मारी व्हई, मास्तर. माले ऐकू उनी नई."

तिसऱ्या दिवशी पारूकाकू गेल्या, हे गावाला ठाऊक होतं. वाटेतलं हे मात्र नानांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला. त्यांना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं.

"माले दखाडा, तो थांबना ते कोठे लिखेल शे."

मी बोट ठेवलं. त्या ओळीवरून नाना कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.